दुसरी फुली

सप्टेंबरात झुग्दिदीत सगळ्यांचीच नखं काळी असतात
हेझलनटच्या हिरव्या टोप्या सोलून सोलून.
ग्वांत्सा एसेबुआची बाराही महिने.
ती चाळणीवर बसते, पुलापलीकडच्या कारखान्यात:
नऊ ते अकरा, अकरा ते तेरा, तेरा ते पंधरा.
गर कुठल्या भोकातून पडला
त्यावर त्याचं नशीब.
पंधराचे, ती सांगते, खोक्यात बसून जर्मनीला जातात,
नऊचे इथेच, कुणाच्या तरी केकमध्ये चुरा होऊन.

पाळीचा आठवा दिवस.
मी दिवा मालवते,
जेल गार आहे म्हणून आधीच माफी मागते.
पडद्यावर राखाडी, राखाडीत काळे गोल.
पाणी काळं दिसतं या यंत्राला.

एका काठावर फुली, समोरच्या काठावर दुसरी.
मग आडव्या दोन. मग सरासरी,
कारण नीट गोल कुणीच नसतं,
शेजारच्यानं ढकललेलं, कोपऱ्यात दबलेलं असतं.
शाळेत मागच्या बाकावर आम्ही खेळायचो फुली-गोळा.
इथं गोळे आधीच मांडून ठेवलेले,
माझ्या वाट्याला नुसत्या फुल्या.

"आकडा सांग," ग्वांत्सा म्हणते, "फळांची नावं नकोत.
आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं माझ्या मावशीला
'अक्रोडाएवढी गाठ' म्हणून सांगितलं,
तेव्हापासून त्या घरात कुणी अक्रोड फोडला नाही."

उजवीकडे नऊ, नऊ, अकरा, बारा.
"म्हणजे अजून इथलेच," ती हसते.
डावीकडे?
डावीकडे चौतीस.
"चौतीसची चाळण नाही आमच्याकडे."
ते फॉलिकल नव्हे, मी म्हणते, सिस्ट आहे,
मागच्या महिन्यात फुटायचं राहून गेलेलं.
भिंत पातळ, आत निव्वळ पाणी.
बहुतेक ओसरेल आपणहून.
"पोचट," ती म्हणते.
पोचट.
"आमच्याकडे पोचट पंख्यानं उडतो.
हा बसून का?"

बारावा दिवस. उजवीकडचा एकच पुढे आलाय,
बाकीचे मागे सरकलेत,
लग्नघरात फोटोच्या वेळी सरकतात तसे.
साडेअठरा.
ती आडवी पडल्या पडल्याच फोन काढते.
झाझा कातोवित्सेला, टायल्स बसवतो.
गुरुवारचं विमान, कुताइसीपर्यंत,
तिकिटात त्याचा आठवड्याचा पगार.
"गुरुवार चालेल ना?"

आता, शेजारच्या खोलीतला लेवान
मी ज्याला एकोणीस म्हणते त्याला सतरा म्हणतो.
काठ कुठे संपतो आणि आतलं कुठे सुरू होतं
हे फुलीगणिक बदलतं.
हात जरा जड पडला तर मिलिमीटर इकडे,
तिनं श्वास धरला तर तिकडे.

चालेल, मी म्हणते.
ती कपडे करायला पडद्याआड जाते, आणि मी
थिजवलेल्या चित्रावर परत मोजते.
सतरा पूर्णांक सहा.
ते मी लिहीत नाही.
तेही नाही, आधीचंही नाही, मधलं काहीतरी लिहिते,
आणि पडद्याआडून ती फोनवर
मेग्रेलियनमध्ये कुणाला तरी सांगत असते:
अठरा, अगं, अठराच्या वर!

जाताना टेबलावर कागदी पिशवी ठेवते,
टरफलासकटच्या. "यंदा कीड कमी आहे.
दोन वर्षांपूर्वी बाहेरून ठणठणीत,
फोडलं की आत काळी सुरकुती."

जेवणाच्या सुट्टीत मी स्टीलच्या वाडग्यात पाणी घेते,
त्यातला एक तळाशी धरते बोटानं,
आणि दार लावून, चोरासारखी,
प्रोब बुडवते.

एक पांढरी कमान.
तिच्याखाली सावली, थेट पडद्याच्या तळापर्यंत.
टरफलापुढे यंत्राची मजल नाही.
भरला आहे की पोचट, काही कळत नाही.

कमानीवर एक फुली ठेवते.
दुसरी
हातात घेऊन बसले आहे,
लेवान दार वाजवेपर्यंत.